आधी वही काढा, मग पाना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत गाड्यांच्या मेंटेनन्सवर अर्धं पान आलं होतं, चांगलं होतं, टायरच्या हवेचं आणि ब्रेक ऑइलचं बरोबर लिहिलंय, पण त्यात एका चौकटीत एक ओळ अशी होती की मालवाहू गाडी इंजिन ऑइल जास्त खायला लागली तर रिंग-पिस्टन (रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी, ऑइल वर जळायला जाऊ न देणारी) गेले समजावं आणि इंजिनचं काम काढून घ्यावं. झालं! ही ओळ आमच्या अड्ड्यावरच्या दहा जणांनी तरी वाचली असेल आणि त्यातला एखादा उद्याच जाऊन इंजिन उतरवेल, म्हणून लिहायला बसलो. ह्याच समजुतीपायी माझे ६२ हजार गेले आणि गाडी ऑइल खायची ती खातच राहिली.

मी पिंपळगाव बसवंतचा. स्वतःची पिकअप आहे, स्वतःच चालवतो. टोमॅटोच्या सीझनला वाशी मार्केट, बाकीच्या वेळी कांदा, द्राक्षं, कधी मंडपाचं सामान, कधी कोणाचं घर शिफ्टिंग, मिळेल ते. गाडी २०१८ची, बीएस ४ (म्हणजे धुराच्या जुन्या नियमातली), टर्बो डिझेल (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), सेकंडहँड घेतलेली, घेतली तेव्हा मीटरवर १ लाख ४० हजार होते (खरे किती ते मीटरलाच माहीत). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, दोष कंपनीचा नव्हताच, आणि जे सांगतोय ते कुठल्याही डिझेल पिकअपला लागू आहे.

सुरुवात कशी झाली ते सांगतो. रात्री ७५ क्रेट भरून निघालो, म्हणजे दीड टन माल, इगतपुरी सोडली आणि कसारा घाटात एका वळणावर डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. सरळ रस्त्याला लागलो की बंद, पुढच्या वळणाला परत लुकलुक. मला वाटलं वायरिंग लूज असेल. घाट उतरून कसाऱ्याला ढाब्यावर थांबलो, दहा मिनिटं गाडी बंद ठेवली आणि ऑइलची पट्टी काढून पाहिली तर टोकालासुद्धा ऑइल नाही, नुसता काळा डाग. ढाब्यावर मिळालं ते दोन लिटर घेतलं आणि ओतलं, तेव्हा कुठे पट्टीवर दिसायला लागलं.

इथे एक गोष्ट थांबून सांगायला पाहिजे कारण आमच्यातल्या नव्वद टक्के लोकांना ती माहीत नाही, मलाही नव्हती. तो लाल दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही हो, तो प्रेशरचा दिवा आहे. ऑइल इतकं कमी झालं की उतारावर चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत) एका बाजूला सरकतं, पंपाच्या तोंडाशी ऑइलच्या ऐवजी हवा येते, प्रेशर पडतं आणि मग तो दिवा लागतो. म्हणजे दिवा लागेपर्यंत वाट बघितली तर तेवढा वेळ बेरिंगं कोरडी फिरलेली असतात. माझं नशीब चांगलं म्हणून क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) वाचला. तेव्हापासून पट्टी बघितल्याशिवाय मी गाडीला चावी लावत नाही, बायको म्हणते देवाला हात जोडायच्या आधी बॉनेट उघडता.

मग हिशोब काढला तर साधारण १२०० किमीला एक लिटर ऑइल गायब होत होतं. वाशीची एक फेरी जाऊन येऊन ४०० किमीच्या आसपास, म्हणजे तीन फेऱ्यांना एक लिटर. गाडीखाली थेंब नाही. धूर मला आरशात दिसत नव्हता पण मागून येणारा एकजण म्हणाला तुझी गाडी निळसर मारते. एका नावाजलेल्या गॅरेजला नेली (नाव लिहीत नाही). त्या माणसाने सायलेन्सरमध्ये बोट फिरवलं, काळं बोट मला दाखवलं, आणि दोन मिनिटांत निकाल दिला, रिंगा गेल्या, इंजिन काम काढावं लागेल. ना टोपण उघडलं ना पाईप काढला. मी म्हटलं पक्कं का, तर म्हणाला भाऊ वीस वर्षं हेच करतोय. आता वीस वर्षांपुढे आपण काय बोलणार.

आठ दिवस गाडी उभी राहिली, ऐन सीझनमध्ये. लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी), पिस्टन, रिंगा, बेरिंगं, हेडचं काम, गास्केट सेट, लेथवाल्याची मजुरी, सगळं मिळून ६२ हजार. बिल म्हणजे एका कोऱ्या पावतीवर 'इंजिन काम पूर्ण' एवढंच. जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारात गेले. इंजिन उघडं असताना, जुने लायनर आतच होते तेव्हा, मी सहज म्हणून मोबाईलवर दोन-चार फोटो काढून ठेवले होते, ते पुढे कामाला आले, सांगतो.

गाडी बाहेर काढली आणि पहिल्या हजार किमीला पुन्हा पाऊण लिटर कमी. गॅरेजवाला म्हणाला रिंगा बसायला वेळ लागतो. हे खोटं नाही बरं का, नवीन रिंगा लायनरला घासून बसेपर्यंत पहिले दोन-तीन हजार किमी ऑइल थोडं जास्त जातंच. पण पाच हजार झाले तरी १४०० किमीला एक लिटर चालूच! १२०० चे १४०० झाले फक्त, ६२ हजारांत. परत गेलो तर म्हणे तुम्ही ऑइल कुठलं टाकता, लोकल टाकत असाल. मग म्हणे ओव्हरलोड मारता. मग फोन उचलेना.

शेवटी ओझरकडचा एक म्हातारा मिस्त्री, सगळे चाचा म्हणतात, त्याच्याकडे गेलो. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड आणि एक लिंबाचं झाड. चाचाने बॉनेटला हातच लावला नाही. विचारलं, "लिहून ठेवलंय का?" मी म्हटलं काय. "किती किलोमीटरला किती टाकलं, ते." मी म्हटलं साधारण लिटर जातं. तर म्हणाला, "साधारण नको. वही कर, हजार किलोमीटर चालव, मग ये. तोपर्यंत पाना लावणार नाही." खरं सांगतो राग आला होता, इतक्या लांब येऊन माणूस गाडी बघायलाच तयार नाही. पण आज मला वाटतं की सगळ्या गॅरेजच्या भिंतीवर हेच लिहून लावलं पाहिजे.

त्याने मोजायची रीत सांगितली ती तुमच्या वाचकांसाठी नीट लिहितो. जागा एकच ठेवायची, सपाट, माझी घरासमोरची फरशी आहे. वेळ एकच, सकाळी इंजिन थंड असताना, रात्रभर ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. पट्टी काढून पुसायची, परत पूर्ण आत घालायची, मग काढून बघायची, पहिल्यांदा काढलेली पट्टी खोटं बोलते. ऑइल टाकायचं तर खुणा असलेल्या मापाने, अर्ध्या लिटरचं प्लास्टिकचं माप येतं ना ते, डोळ्याने अंदाज नाही. माझ्या पट्टीवर खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत दीड लिटर बसतं, दुसऱ्या गाडीत कमीजास्त असेल, आपलं आपण एकदा मोजून घ्यायचं. आणि वरच्या खुणेच्या वर एक थेंब नाही! आमच्यात सवय आहे की लांब चाललोय तर अर्धा लिटर जास्त टाका. जास्त झालेलं ऑइल क्रँकच्या फटक्याने घुसळून फेस होतो, ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून हवेच्या पाईपात जातं आणि जळून जातं. म्हणजे जास्त टाकलं म्हणून जास्त खाल्लं, आणि आपण म्हणतो बघा किती ऑइल खाते, अजून टाका.

वही घेऊन परत गेलो. १००० किमी, ७०० मिली. चाचाने वही वाचली, चष्मा काढला आणि मग पहिल्यांदा बॉनेट उघडलं.

आधी त्याने लीक बघितला. मी म्हटलं खाली पुठ्ठा ठेवून बघितलाय, थेंब नाही. म्हणाला, "उभ्या गाडीला गळत नाही, पळताना प्रेशर असतं तेव्हा गळतं, आणि वारा उडवून नेतो." इंजिन खालून डिझेलने धुतलं, कोरडं केलं आणि त्यावर चक्क अंगाला लावायची पावडर मारली. म्हणाला जा हायवेला फिरून ये. आलो तर पावडर पांढरीच. कुठे ओल आली असती तर तिथे काळा ओघळ दिसला असता. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं क्रँकचं मागचं ऑइल सील पण बघितलं, तिथली गळती आत क्लचच्या घरात जाते आणि बाहेर उशिरा दिसते. तेही कोरडं. रेडिएटरचं टोपण उघडून पाण्यावर तवंग बघितला, नाही. ऑइल कूलर फुटला की पाणी चहासारखं होतं म्हणे.

मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं टोपण काढलं आणि त्याच तोंडावर उलटं ठेवलं. नुसतं ठेवलं, फिरवलं नाही. टोपण जरासं थरथरलं आणि तिथेच बसून राहिलं. "रिंगा खराब असत्या तर टोपण उडून पडलं असतं आणि धुराड्यासारखा भपकारा आला असता. रिंगा चांगल्या आहेत." मी म्हटलं चाचा असणारच, पाच महिन्यांपूर्वी बदलल्यात! आणि मग मोबाईलमधले ते फोटो दाखवले. त्याने फोटो मोठा केला, लायनरच्या आतल्या भागावर बारीक तिरप्या एकमेकांना छेदणाऱ्या रेघा दिसत होत्या, चटईच्या विणीसारख्या. बराच वेळ बघत बसला. म्हणाला, "ह्या रेघा कारखान्यात मारलेल्या असतात, ऑइल धरून ठेवायला. लायनर घासला की आरशासारखा गुळगुळीत होतो. ह्या तर दिसतायत. चांगले लायनर काढून फेकले तुझे."

काय वाटलं असेल मला ते लिहीत नाही. तुमचा पेपर घरात पोरं वाचतात.

एक गोष्ट मात्र चाचाने प्रामाणिकपणे सांगितली की टोपणाची ही परीक्षा म्हणजे काही लॅबचा रिपोर्ट नाही. पिस्टनवर तीन रिंगा असतात, वरच्या दोन कॉम्प्रेशनच्या (सिलिंडरमधला दाब धरणाऱ्या) आणि खालची ऑइल पुसणारी. कधीकधी वरच्या दोन ठणठणीत आणि खालची कार्बनने चिकटलेली असते, मग कॉम्प्रेशनही चांगलं येतं आणि ऑइलही जळतं. ऑइल वेळेवर न बदलणाऱ्यांच्या गाडीत हे होतं. तसंच वॉल्व सीलचं, गाडी बराच वेळ उभी राहून चालू केली किंवा घाट उतरून खाली आलं आणि ॲक्सिलेटर दिला की निळ्या धुराचा एक लोट येतो आणि मग साफ, तर सील. पण हे पेट्रोलला जास्त लागू, डिझेलला तेवढं नाही. आणि धुराचे रंग ओळखता आले पाहिजेत, निळा म्हणजे ऑइल, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, सकाळी थंड गाडीचा पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल आणि गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर पाणी. आमच्याकडे काळा धूर मारणाऱ्या गाड्यांची पण इंजिनं उतरवलेली मी बघितलीत.

माझ्या गाडीचा चोर शेवटी सापडला तो टर्बोत. टर्बोकडून इंटरकूलरला (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीला) जाणारा रबरी पाईप चाचाने काढला आणि मला म्हणाला बोट घाल. बोट काढलं तर नखापर्यंत ऑइल. थोडा ओलावा तिथे असतोच, ब्रीदरची वाफ त्याच वाटेने येते, त्याला घाबरायचं नाही. पण इंटरकूलर काढून वाकडा केला तेव्हा त्यातून चहाचा ग्लास भरेल एवढं ऑइल निघालं. टर्बोचा पंखा बोटांनी धरून हलवला तर पुढेमागे खटखट करत होता. आणि त्याहून मजा म्हणजे टर्बोतून ऑइल परत चेंबरमध्ये जायचा जो पाईप असतो तो आतून कार्बनने अर्धा बंद. ऑइलला खाली जायला वाट नाही, मग ते सीलमधून बाहेर येणार नाही तर काय करणार. वर एअर फिल्टर इतका गच्च की टर्बोला हवा मिळेना, तो आपला ओढून ओढून सीलमधलं ऑइलच ओढत होता.

आता हे दोन्ही माझेच पराक्रम बरं का. घाट चढून इगतपुरीला ढाब्यावर पोचलो की गरम गाडी लगेच बंद करायची आणि चहाला पळायचं, ही सवय. टर्बो लाखाच्या घरात फेरे मारतो मिनिटाला, तापलेला असतो, इंजिन बंद झालं की ऑइल पण बंद, आणि जे आत राहिलं ते तिथल्या तिथे भाजून कार्बन होतं. एक-दोन मिनिटं आयडलला ठेवून बंद केली असती तर पाईप चोंदला नसता. आणि एअर फिल्टर, उन्हाळ्यात कांद्याच्या शेतातल्या वाटा म्हणजे पिठाची गिरणी असते, मी फिल्टर काढून बंपरवर आपटून परत बसवायचो. आपटल्याने कागद फाटतो, फाटला की धूळ थेट आत, आणि तीच धूळ खरोखर लायनर आणि रिंगा घासते. म्हणजे अजून वर्षभर तसंच चाललं असतं तर त्या गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं ठरलं असतं.

टर्बोचा आतला कोअर, पाईप, फिल्टर, ऑइल आणि मजुरी मिळून १३,४०० रुपये. चाचाची मजुरी त्यात १८००. आज गाडी मीटरवर २ लाख ३० हजारांच्या पुढे आहे आणि १० हजार किमीच्या एका ऑइल चेंजमध्ये वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत येते, म्हणजे हजाराला १५० मिली. एवढं प्रत्येक इंजिन खातं. शून्य खाणारं इंजिन नसतं, लायनरवरची ऑइलची फिल्म थोडी जळणारच. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये तर हजार किमीला अर्धा लिटर, कुठे एक लिटरपर्यंतसुद्धा नॉर्मल म्हणून छापलेलं असतं, वॉरंटीत भांडायला गेलात की तेच पान समोर ठेवतात, म्हणून गाडी घेताना ते पान आधी वाचा.

आणि जे कोणी बोलत नाही ते बोलतो. माझी गाडी महिन्याला ५००० किमी पळते. १२०० ला एक लिटर म्हणजे महिन्याला चार लिटरच्या थोडं वर, ४०० रुपये लिटरने साधारण १७०० रुपये. ६२ हजार वसूल व्हायला तीन वर्षं लागली असती! म्हणजे खरोखर रिंगा गेल्या असत्या तरी जुन्या बीएस ४ गाडीत, गाडीची ओढ चांगली आहे, पीयूसी पास होतंय, ऑइल वाढत्या वेगाने जात नाहीये, तर पट्टी बघत ऑइल टाकत राहणं हा मूर्खपणा नाही, हिशोब आहे. दर महिन्याला वही बघायची, आकडा वाढायला लागला तर काम काढायचं, तेही सीझन संपल्यावर. हे सांगणारा एकही गॅरेजवाला मला भेटला नाही, साहजिकच आहे म्हणा.

पण बीएस ६ वाल्यांनी माझं ऐकून ऑइल टाकत बसू नका. १ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांना सायलेन्सरमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) असतो, ऑइल जळलं की त्याची राख तिथे साठते आणि ती राख जळून जात नाही, जाळी चोंदते, मग त्या खर्चापुढे माझे ६२ हजार म्हणजे चिल्लर. त्या गाड्यांना ऑइलही कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच लागतं, स्वस्त मिळालं म्हणून जुन्या ट्रॅक्टरचं नाही. आणि त्यांच्यात एक उलटा प्रकार असतो, पट्टीवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. डीपीएफ साफ करायला गाडी जादा डिझेल मारते आणि ते पूर्ण न जळता थोडं खाली ऑइलमध्ये उतरतं, गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्यांना जास्त. आमचा एकजण खूश होता की माझी गाडी ऑइल खातच नाही उलट देते! पट्टीचा वास घेतला तर डिझेल.

पंपावर आणि हायवेच्या दुकानात मिळणाऱ्या त्या 'ऑइल खाणं बंद' वाल्या बाटल्यांबद्दल माझं मत विचाराल तर पैसे चहाला ठेवा. जाड ऑइल टाकल्याने थोडे दिवस कमी जातं हे खरं, पण थंडीत सकाळी ते वरपर्यंत पोचायला उशीर लागतो, आणि मूळ रोग आहे तिथेच. सुट्टं ऑइल तर घ्यायचंच नाही, आणि डब्यातलं घेतलं तरी बिल घ्या, सील बघा. ओरिजिनल कंपनीचे रिकामे डबे भंगारवाला चांगल्या भावाने का घेतो ह्याचा कधी विचार केलाय का? मी आता डबा रिकामा झाला की स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडूनच टाकतो. काढलेलं काळं ऑइलही गॅरेजबाहेरच्या नालीत सोडतात ते बघवत नाही, कायद्याने तो घातक कचरा आहे, पण इकडे लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात, सेंट्रिंगच्या फळ्यांना फासतात, उरलं ते नालीत. तो वेगळ्या पत्राचा विषय होईल.

ऑइल जास्त जाण्यात पैशापेक्षा मोठा धोका आहे तो सांगतो, कारण हे मी डोळ्याने बघितलंय. घोटीच्या अलीकडे एका पिकअपच्या ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, चावी काढून हातात धरली होती आणि इंजिन बंदच होईना! उलट आवाज वाढतच चालला, पांढरा-निळा धूर इतका की रस्ता दिसेना. टर्बोतून गेलेलं ऑइलच इंजिन डिझेलसारखं जाळत होतं, चावीने डिझेल बंद केलं पण ऑइल कोण बंद करणार. तो पोरगा घाबरून उडी मारून पळाला. एका ट्रकवाल्या सरदारजींनी आत बसून टॉप गिअर टाकला, ब्रेकवर उभे राहिले आणि क्लच सोडला, तेव्हा दणका बसून इंजिन मेलं. दुसरा उपाय म्हणजे हवेचं तोंड फळीने नाहीतर जाड रबरी मॅटने दाबून बंद करायचं, हाताने कधीच नाही, हात ओढला जातो. ऑटोमॅटिकला गिअरचा उपाय चालत नाही. हे लायसन्सच्या वेळी कोणी शिकवत नाही, निदान तुमच्या पेपरात तरी छापा.

आता तक्रारीचं. त्या गॅरेजविरुद्ध मी जाणार होतो तर सगळे म्हणाले तुझी गाडी धंद्याची, ग्राहक कोर्ट धंद्यावाल्याचं ऐकत नाही. मी गप्प बसलो. नंतर एका वकील पाहुण्याने सांगितलं की ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्येच लिहिलंय, जो माणूस स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेऊन स्वतः वापरतो तो ग्राहकच. म्हणजे ज्याची एक पिकअप आणि तोच ड्रायव्हर, तो जाऊ शकतो. जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि आधी विचारायचं असेल तर १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे. पण माझ्याकडे होतं काय? 'इंजिन काम पूर्ण' लिहिलेली पावती. जुने पार्ट नाहीत, काम काढायच्या आधीचं कॉम्प्रेशन किती होतं ते नाही, ऑइल किती जात होतं तेही लिहिलेलं नाही. वकील म्हणाला ह्यात मी काय सिद्ध करू.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की इंजिन उघडायच्या आधी तीन गोष्टी कागदावर पाहिजेत, हजार किमीचा मोजलेला ऑइलचा आकडा, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (गेज काही लाखाचं येत नाही, चांगल्या गॅरेजकडे असतंच), आणि टर्बोचा पाईप काढून बघितला की नाही ते. उघडल्यावर गिऱ्हाइकाला बोलावून दाखवायचं आणि काढलेले पार्ट पोत्यात भरून परत द्यायचे, भंगारात विकायचे असतील तर तो विकेल. मोठ्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी पण जॉब कार्डवर ऑइल किती काढलं आणि किती भरलं ते लिहावं, 'ऑइल चेंज' दोन शब्दांत काही कळत नाही, सात लिटर निघायला पाहिजे तिथे चार निघालं तर तीन कुठे गेले हे त्या दिवशीच कळेल. आमच्या बाजार समितीच्या आवारात रोज इतक्या पिकअप उभ्या असतात, गाडी संघटनेने एक कॉम्प्रेशन गेज घेऊन ठेवलं तरी कितीतरी जणांचं इंजिन वाचेल, मी मीटिंगमध्ये बोललो तर म्हणाले आधी पार्किंगचं बघू.

आणि तुम्हाला विनंती, येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच चौकटीत दुरुस्ती छापा. मोठी नको, चाचा म्हणाला तेवढीच, "लिहून ठेवलंय का?"

पत्र लांबलं, कापायचं तर माझ्या बायकोचं वाक्य कापा, घोटीजवळच्या त्या बंद न होणाऱ्या इंजिनचं कापू नका. गाडी भरून झालीय, हमाल हाका मारतोय, पट्टी बघून निघतो.

आपला,
एक पिकअपवाला
पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक